सोनं, उजेड आणि ऑपरेशनची तारीख

गेल्या महिन्यात एकाच फॉरवर्डने माझी टपालपेटी भरली. ‘मुंबईत सापडला कॅन्सरवर रामबाण! सोन्याचे सूक्ष्म कण टोचायचे, वरून लाइट मारायची, गाठ जळून जाते. किमो नको, कापाकापी नको. पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.’ तो वाचून आलेल्या पत्रांतली पाच यावेळी घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. परळच्या एका रुग्णालयात एकतीस वर्षं फार्मासिस्ट होते, त्यातली शेवटची अठरा किमोची औषधं तयार करायच्या खोलीत गेली. औषध बाटलीतून माणसात कसं जातं आणि वाटेत काय काय होतं, तेवढं मला कळतं.

कल्याणहून एक वाचक लिहितात : ताई, माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. तीस वर्षं तंबाखू-चुना खाल्ला. डाव्या गालाच्या आतून कॅन्सर निघालाय, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. टाटामध्ये दाखवलं, ऑपरेशनची तारीख आजपासून १९ दिवसांनी मिळाली आहे. काका म्हणतात, जबडा कापून चेहरा विद्रूप करण्यापेक्षा हे नवीन बघू. एका क्लिनिकने ‘नॅनो लाइट थेरपी’ची सहा सिटिंग सांगितली आहेत, तीन लाख चाळीस हजारांत. माहितीपत्रकाचा फोटो पाठवतोय. ऑपरेशन दोन महिने पुढे ढकलावं का?

उत्तर : नाही. एक दिवसही ढकलू नका.

पत्र छापून येईपर्यंत एकोणीस दिवस कधीच उलटले असते, म्हणून या मुलाला मी त्याच संध्याकाळी फोन लावला. आमचं बोलणं झालं ते जरा सावरून इथे देते, कारण अशीच पत्रं वसईहून आणि पनवेलहूनही आली आहेत.

माहितीपत्रक मी भिंग लावून वाचलं. वर आतून चकाकणारा एक माणूस, खाली लाल दिव्यांची पाटी असलेलं यंत्र. कण कसले त्याचं नाव नाही. टोचणार किती, ते नाही. टोचल्यावर किती तासांनी उजेड द्यायचा, ते नाही. उजेडाची तरंगलांबी, म्हणजे रंग नेमका कोणता, ती नाही. सहा सिटिंगचा आकडा मात्र ठळक, आणि पैसे आगाऊ भरल्यास दहा टक्के सूट! दिवाळीत साड्यांवर असते तशी.

गंमत अशी की यामागचं शास्त्र खोटं नाही, आणि म्हणूनच माणसं फसतात. प्रकाशाने काम करणारी औषधं जुनी आहेत. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याने एका रंगाच्या द्रावणात पॅरामेशियम नावाचे एकपेशीय जीव सोडले. अंधारात ते मजेत राहिले, उजेडात मेले. रंग एकटा निरुपद्रवी, उजेड एकटा निरुपद्रवी, दोन्ही भेटले की मरण. याच तत्त्वावरचं फोटोफ्रिन हे औषध १९९३ साली कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, दोन वर्षांनी अमेरिकेत अन्ननलिकेच्या. ते शिरेतून देतात, सुमारे दोन दिवस थांबतात आणि दुर्बिणीतून प्रकाशाची बारीक तार आत घालून गाठीवर लाल उजेड सोडतात. औषध त्या उजेडाने चेततं, आसपासच्या ऑक्सिजनला बिथरवतं, आणि तो बिथरलेला ऑक्सिजन पेशी मारतो. पण हे औषध कातडीतही रेंगाळतं, त्यामुळे पेशंटला निदान महिनाभर उन्हापासून जपून राहावं लागतं. दुपारी सहज गॅलरीत उभा राहिला तरी भाजेल.

नॅनोकण, म्हणजे फॉरवर्डमधले ते अतिसूक्ष्म कण, आले ते हाच खेळ जास्त नेमका करायला. काही कण उजेड पिऊन तापतात आणि गाठ शेकून मारतात. काही उजेड पडला की फुटतात आणि पोटातलं किमोचं औषध तिथल्या तिथे सांडतात. काही ऑक्सिजन बिथरवणारं औषध नुसतं वाहून नेतात. कल्पना सुंदर आहे. पण क्लिनिकवाल्याला दोन साधे प्रश्न विचारा : कण गाठीपर्यंत पोचणार कसे, आणि उजेड गाठीपर्यंत पोचणार कसा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरीच मिळतं. रात्री दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरा. बोट लालभडक दिसेल. निळा-हिरवा उजेड रक्ताने खाल्ला, लाल तेवढा पार झाला. आता आतलं हाड शोधा. दिसत नाही. उजेड आरपार आला खरा, पण घाटातल्या धुक्यात गाडीचे दिवे पसरावेत तसा पसरून. एका बोटाच्या जाडीत ही अवस्था. म्हणून हे सगळे कण तांबड्या रंगाच्या टोकाला किंवा त्याच्याही पलीकडे, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडावर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) चालतील असे बनवतात. तोही शरीरात एखाद-दोन सेंटीमीटर गेला तरी खूप. फुप्फुसातली किंवा यकृतातली गाठ बाहेरून लाल दिवा लावून जळेल असं कुणी म्हणत असेल तर सरळ उठून यावं.

इथे एक घोळ आपल्या भाषेचाही आहे. रेडिएशनला आपल्याकडे सर्रास ‘लाइट घेणं’ म्हणतात. ‘सासूबाईंना पंचवीस लाइट दिल्या.’ ते एक्स-रेच्या जातीचे किरण, हाडापार जातात. हा उजेड वेगळा आहे. नाव एकच असल्यामुळे काकांना दोन्ही सारखंच वाटतं, यात काकांचा दोष नाही.

तुमच्या वडिलांच्या दुखण्याच्या सगळ्यात जवळ येणारी खरी गोष्ट जपानमध्ये आहे. तिथे सप्टेंबर २०२० मध्ये सेटुक्सिमॅब सारोटालोकॅन नावाचं औषध मंजूर झालं. ते नॅनोकण नव्हे. पेशी ओळखणाऱ्या अँटिबॉडीला प्रकाशाने चेतणारा रंग जोडलेला आहे. आज सलाईन, उद्या लेसर. तोंड आणि घशाच्या भागातल्या कॅन्सरसाठीच आहे, पण कुणाला? ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही, किंवा ज्यांचा कॅन्सर परत उलटलाय, त्यांना. उपचारानंतर घशाला सूज येऊन श्वास अडकू शकतो, म्हणून तेही रुग्णालयातच करतात. तुमच्या वडिलांचं ऑपरेशन होऊ शकतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ते होऊ शकणं हीच मोठी गोष्ट, आणि दोन महिन्यांनी सर्जन तेच म्हणतील याची खात्री कुणी देणार नाही.

आता पैशाचं. क्लिनिकने फोनवर ‘हे ट्रायल बेसिसवर आहे’ असं सांगितलं म्हणालात. आपल्या देशात २००९ पासून औषधाची प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ती कुणालाही इंटरनेटवर उघडून पाहता येते. तो नोंदणी क्रमांक मागा. एथिक्स कमिटीचं पत्र मागा, आणि मराठीतलं संमतिपत्र घरी नेऊन वाचायला मागा. चाचणीतल्या औषधाला पेशंटकडून पैसे घेत नाहीत, उलट त्यातून काही अपाय झाला तर उपचाराचा खर्च चाचणी करणाऱ्याने करायचा असा २०१९ चा नियम आहे. तीन लाख चाळीस हजार मागणारी चाचणी ही चाचणी नव्हे.

या मुलाने दुसऱ्या दिवशी क्रमांक मागितला. ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशीही सर मीटिंगमध्येच होते.

ते पैसे हाताशी ठेवा. महात्मा फुले योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी विचारा. ऑपरेशननंतर रेडिएशन सांगितलं तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा प्रयत्न असतो, त्यामुळे दाताच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवून घ्या. आणि आइस्क्रीमच्या चपट्या काड्या जमवायला लागा. तोंड उघडायचा व्यायाम सांगतील तेव्हा दातांच्या मधे त्या एकावर एक रचून ठेवायच्या असतात, दर आठवड्याला एक वाढवत. काकांना हे काम द्या.

गिरगावातून एक ज्येष्ठ वाचक विचारतात : मी झवेरी बाजारात चाळीस वर्षं कारागिरी केली. सोनं आटवायला किती आच लागते ते माझ्या हातांना ठाऊक आहे. नुसत्या उजेडाने सोनं तापतं हे पटत नाही. आणि तापलंच तर माणूस नाही का भाजणार? शिवाय सुवर्णभस्म आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतोय, मग यात नवीन ते काय?

उत्तर : काका, यावेळच्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेलं हे.

मुशीतलं सोनं १०६४ अंशांना वितळतं, बरोबर. इथे सोनं वितळवायचंच नाहीये. आपलं अंग ३७ अंशांवर असतं. ४२-४३ ला पेशी कासावीस होतात, पन्नाशी ओलांडली की झपाट्याने मरतात. म्हणजे तुमच्या बागेसरीसमोर, सोनाराच्या शेगडीसमोर, ही आच काहीच नाही, बशीत ओतलेल्या चहाइतकी.

उजेडाने तापायचं म्हणाल तर सोन्याचा वर्ख आठवा. चांगला पातळ वर्ख साधारण शंभर नॅनोमीटर जाडीचा असतो, म्हणजे नॅनोचं सोनं तुम्ही चिमट्याने उचललेलं आहे! तो दिव्यासमोर धरला की पिवळा दिसत नाही, हिरवट दिसतो. सोनं इतकं बारीक झालं की उजेडाशी वेगळं वागायला लागतं. मायकेल फॅरडेने १८५७ साली सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले तर ते पाणी माणकासारखं लाल झालं. लाल का, तर ते कण हिरवा उजेड गिळतात. गिळलेला उजेड जाणार कुठे? त्याची उष्णता होते.

पण हिरवा उजेड गिळणारा कण अंगात बिनकामाचा, कारण वर म्हटलं तसं हिरवा उजेड आत पोचतच नाही. तेव्हा लालच्या पलीकडचा उजेड गिळेल असं सोनं घडवायला हवं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नेओमी हलास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटाने २००३ मध्ये ते करून दाखवलं. वाळूच्या जातीच्या सिलिकाचा गोळा आणि त्यावर सोन्याचा मुलामा. आतला गोळा केवढा आणि मुलामा किती पातळ, यावर कोणत्या रंगाचा उजेड गिळायचा ते ठरतं. तुम्ही दागिन्यावर देता तसाच मुलामा, फक्त केसाच्या जाडीत असे पाचेकशे गोळे ओळीने बसतील. पुढे प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये १६ पुरुषांवर याचा प्रयोग झाला, तो २०१९ साली छापून आला. आदल्या दिवशी कण शिरेतून, दुसऱ्या दिवशी लेसरची तार सुईवाटे थेट ग्रंथीत. माणूस भाजत नाही तो यामुळे. जिथे कणही आहेत आणि उजेडही आहे तेवढीच जागा तापते. सोळापैकी पंधराजणांत ठरल्याप्रमाणे झालं. निकाल चांगला, पण माणसं सोळाच, आणि तीही ग्रंथीबाहेर न पसरलेल्या कॅन्सरची.

भस्माचं म्हणाल तर ते पोटात जातं, गाठीत नाही. त्याच्या कणांचा आकार उजेडासाठी घडवलेला नसतो, आणि पोटावर लेसर तर कुणी धरत नाही. दोन्हींत समान काय, तर सोनं. लोखंड तव्यातही असतं आणि रुळातही. भस्म घेत असाल तर किमोच्या डॉक्टरांना नाव, मात्रा, सगळं सांगा. माझ्या खिडकीशी माणसं ते शेवटी, निघता निघता, जणू चोरीचा माल असल्यासारखं सांगायची.

मुलुंडहून एक वाचक : आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, खांदा दुखतो. घरी फिजिओथेरपीचा इन्फ्रारेड दिवा आहे. फॉरवर्डमध्ये इन्फ्रारेडच म्हटलंय, तर तोच छातीवर दिला तर?

उत्तर : नको. कण नाहीत तर तो नुसता गरम दिवा. ऑपरेशनच्या बाजूची कातडी बऱ्याचदा बधिर असते, भाजलेलं कळणारही नाही. हाताला सूज यायचा धोका असतो तिथे शेक देत नाहीत. दुखण्याला काय करायचं ते कॅन्सरच्या पेशंटना हाताळणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारा. दिवा सध्या माळ्यावर टाका.

विक्रोळीहून बारावीची विद्यार्थिनी : हे मुंबईत खरंच शोधलं गेलंय का? मग हॉस्पिटलमध्ये का मिळत नाही? आमच्या सोसायटीत म्हणतात की कंपन्या दाबून ठेवतात.

उत्तर : बाळा, फॉरवर्डमध्ये एक दाणा खरा आहे. पवईच्या आयआयटीतल्या आणि टाटाच्या खारघरमधल्या संशोधन केंद्रातल्या, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमधल्या संशोधकांनी मिळून २०१५ साली ‘नॅनो लेटर्स’ या नियतकालिकात काम प्रसिद्ध केलं. त्यांनी चरबीच्या इवल्याशा फुग्यांवर, लायपोसोमवर, सोनं चढवलं. तो कण उजेडाने तापतो हे होतंच. मला जास्त भावलं ते पुढचं : काम झाल्यावर कण मोडतो आणि त्याचे बारीक तुकडे यकृत आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. अख्ख्या सोन्याचे मोठे कण अंगात साचून राहतात, ती अडचण त्यांनी धरली. पण हे सगळं उंदरांत. उंदराची गाठ कातडीखाली असते, बोटाने चाचपता येते, तिथे उजेड लगेच पोचतो. आपल्या पोटातली गाठ तशी नसते.

तुमच्या सोसायटीत दोन बातम्यांची खिचडीही झाली असेल. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पवईला ज्या उपचारांचं लोकार्पण झालं ते कार-टी पेशींचे, म्हणजे पेशंटच्याच प्रतिकार करणाऱ्या पेशी बदलून त्याला परत द्यायचे, रक्ताच्या काही कॅन्सरसाठी. आयआयटी तीच, टाटा तीच, गोष्ट निराळी. त्यात सोनंही नाही, उजेडही नाही.

आता ‘का मिळत नाही’. कण शिरेत टोचले की ते गाठीकडे धावत नाहीत, रक्ताबरोबर सगळीकडे फिरतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या, फटी असलेल्या असतात, त्यातून थोडे आत झिरपतात. हे जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवलं आणि त्यावर या शास्त्राचा मोठा भाग उभा राहिला. टोरांटोच्या एका गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र मांडले तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचलेल्यांचा निघालेला मधला आकडा ०.७ टक्के. सीएसएमटीला भायखळ्याला जाणारी हजार माणसं गाडीत चढली, आणि त्यातली सातच तिथे उतरू शकली. बाकीची बरीचशी थेट कारशेडला, म्हणजे यकृतात आणि प्लीहेत. यात कंपनीने दाबून ठेवायचं काय? दाबायला आधी काही हातात यावं लागतं.

नॅनो औषधं मात्र मिळत नाहीत असं नाही. डॉक्सोरुबिसिन, ज्याला पेशंट ‘लाल औषध’ म्हणतात, ते चरबीच्या फुग्यात भरून १९९५ पासून वापरात आहे. साधं लाल औषध हृदयाला जास्त त्रास देतं. फुग्यातलं हृदयाला कमी देतं, पण तळहात-तळपाय सोलपटतात. एक बाई मला म्हणाल्या होत्या, भाकरी थापता येत नाही, बाकी बरं आहे. बारावीनंतर यात यायचं असेल तर फार्मसी किंवा बायोमेडिकलकडे बघ, आणि भौतिकशास्त्रातला प्रकाशाचा धडा ऑप्शनला टाकू नकोस.

भायखळ्याहून एक वाचक : माझ्या भावाला हॉजकिन्स, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, आहे. त्याच्या चार औषधांपैकी एकच बाटली काळ्या पिशवीत गुंडाळून आणतात, नळीवरसुद्धा काळं असतं. त्यातही उजेडाचे कण आहेत का? सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, ‘तसंच असतं.’

उत्तर : कण नाहीत. ते डीटीआयसी असणार, डॅकार्बाझिन. त्याचं उलटं आहे, उजेडाने ते बिघडतं. सिस्टरांना एका वेळी बारा पेशंट असतात, त्यांच्या वतीने मी सांगते.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी या औषधाची एक बाटली विरघळवून खिडकीजवळच्या ट्रेमध्ये ठेवली आणि फोन घ्यायला गेले. फोनवर वॉर्डमधून कुणीतरी वाद घालत होतं, वेळ गेला. परत आले तर फिकट पिवळं पाणी गुलाबी झालेलं. रूह अफजाचे दोन थेंब पडावेत तसं, दिसायला सुरेख. आमच्या मुख्य फार्मासिस्ट मागे येऊन उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. बाटली उचलली, खिडकीशी धरून मला नीट दाखवली आणि टाकाऊच्या पिवळ्या पिशवीत सोडली. पेशंट साताऱ्याहून आलेला होता, औषध त्याने स्वतः विकत आणलं होतं. दुसऱ्या बाटलीचे पैसे मी भरले, तीन हप्त्यांत.

तेव्हा भावाच्या बाटलीवरचं काळं कागद-पिशवीचं वेष्टण कुणी बघायला म्हणून सरकवलं तर परत सारखं करा. शिरेत जळजळ व्हायला लागली किंवा बाटलीत गुलाबी छटा दिसली तर लगेच सिस्टरांना हाक मारा. आणि शक्य असेल तर खिडकीकडची खाट घेऊ नका, उन्हाळ्यात तिथे तसंही उकडतं.